चाळीस डाव्या दाढा

मेण वितळलं की मावशींचं मन कुठच्या कुठे जायचं. दंतवैद्यकीच्या कॉलेजात, तळमजल्यावरच्या लांबट खोलीत, बावीस वर्षं त्या मुलांना दाढा कोरायला मेणाचे ठोकळे पाडून देत होत्या. पातेल्यातलं मेण संथ झालं की खिडकीचा उजेड त्यात उतरायचा, आणि प्रत्येक ठोकळ्याच्या आत एक दाढ झोपलेली त्यांना दिसायची. वरचं पांघरूण तेवढं काढायचं. मुलं गेल्यावर उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्या ते काढायच्याही. पण शिकवणार सर, ठोकळे वाटणार मावशी. ज्याच्या बोटांत कला त्याच्या हाती फडकं, आणि खडूवाल्याला नमस्कार, ही रीत कुणी पाडली कोण जाणे!

मग नव्या मॅडम आल्या. "आता वर्ग उलटा करायचा," त्या म्हणाल्या. "लेक्चर मुलं घरी मोबाइलवर बघतील. इथे आल्यावर फक्त हात चालवायचा, आपण चुका दुरुस्त करायच्या. व्हिडिओत दाढ तुम्ही कोरा, मावशी. तुमच्यासारखा हात माझाही नाही."

"मी? अहो, मुलं हसतील."

"हसू देत. दातच दिसतील!"

विभागाचे प्रमुख असलेले मोठे सर नाक मुरडून म्हणाले, "एक तास बघतो. जमलं नाही तर पुन्हा माझं लेक्चर, आणि मावशी, तुमचे ठोकळे."

रिकाम्या दुपारी मावशींनी मोबाइल बरणीला टेकवला. आपले हात आपल्याला दिसावेत म्हणून सेल्फीचा कॅमेरा लावला. पडद्यावरचे हात तळ्यात पाहावेत तसे, कुणा दुसऱ्याच बाईचे वाटत होते. उजवीकडची खालची पहिली दाढ. मेणाचे पापुद्रे पाकळ्यांसारखे गळत राहिले. बावीस वर्षं बोटांत कोंडलेलं काहीतरी हलकेच बाहेर येत होतं.

सोमवारी चाळीस मुलं कोरायला बसली. पहिला अर्धा तास कुणी मध्ये पडायचं नाही, असं मॅडमनीच ठरवलं होतं. खोलीत नुसती खरखर. अर्ध्या तासाने मोठे सर आले. एक दाढ उचलली, दुसरी उचलली, आणि गदागदा हसले.

"अहो मॅडम, उजवी सांगितली होती ना? ह्या सगळ्या डाव्या! वर्ग उलटा केलात, दाढाही उलट्या!"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मावशी, व्हिडिओत तुम्ही डावखुऱ्या कशा काय होतात?"

मावशींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोबाइलने आरशातलं रूप साठवलं होतं.

त्या बाकांमधून हळूहळू चालत गेल्या. तीच उंची, तेच उंचवटे, खाचांची तीच वळणं. जणू चाळीस जणांनी एका झोपेत एकच स्वप्न पाहिलं होतं.

"सर," त्या थांबल्या, "चूक माझी. आरशातलं चित्र गेलं मुलांकडे. पण चाळीस जणांची चूक एकच आहे. तुमच्या लेक्चरनंतर चाळीस चुका असायच्या. मीच गोळा करायचे ना त्या!"

सरांनी चष्मा पुसला आणि हातातली दाढ उजेडात पुन्हा एकदा फिरवली.

"डावी म्हणून मात्र झकास आहे," ते पुटपुटले. "उजवीचा व्हिडिओ कधी करताय?"

"तो होईल नंतर." मावशींनी नवा ठोकळा घेतला आणि सरळ सरांच्या खुर्चीत बसल्या. "आधी सगळे इकडे या. माझ्या पाठीमागे उभे राहा रे, समोर नको!"