पंखाखालचे सहा पाय

माझी शिंक आमच्या तालुक्यात प्रसिद्ध आहे. एकदा तिच्या धक्क्याने शेजाऱ्यांच्या छपराचे पत्रे उडाले होते, हवं तर विचारून या. तीच शिंक नेमकी पाणथळीच्या मधोमध, नावेत बसलेलो असताना नाकात आली.

समोर कमळाच्या पानावर कमळपक्ष्याचा नर आणि त्याची तीन पिल्लं होती. या पक्ष्यांत मादी अंडी घालून निघून जाते, पुढचं सगळं बापाकडे. आणि वर घार घिरट्या घालत होती.

"हलू नका," नावाडी सदूभाऊ कुजबुजला. "बाप बिचकून उडाला, की पिल्लं घारीचीच."

"शिंकून तर बघा," बायकोने माझं नाक चिमटीत धरलं. "इथंच बुडवीन."

माझे डोळे बेडकासारखे बाहेर आले. घार इतकी खाली उतरली, की तिच्या पंखांचा वारा माझ्या टकलाला लागला. बाप उडाला नाही. तो खाली बसला, पिल्लं त्याच्या पंखांत शिरली, आणि त्यांना घेऊन तो सावकाश पानापानांवरून चालू लागला. पंखांखालून काडीसारखे सहा पाय लोंबत होते.

मुलगा तापाने फणफणला, तेव्हा मीही त्याला खांद्यावर घेऊन असाच घरभर चालत होतो. त्याने ताप उतरणार नव्हता, पण खाली ठेवायचा धीर होत नव्हता.

घार गेली. शिंकही कुठे जिरली, कळलं नाही. बापाने पंख सैल केले. दोन पिल्लं पानावर उतरली. तिसरं काही केल्या उतरेना. बाप पंख अर्धा उघडा धरून तसाच उभा राहिला.