देवाचं वस्त्र आणि धनगराचं घोंगडं

"छत्री घेऊन सोलापूरला निघालेला माणूस मी आजच पाहतोय," असं कराड स्टेशनावर एका गृहस्थांनी मला ऐकवलं. मी चिपळूणचा कापडवाला. श्रावणात छत्रीशिवाय आमच्याकडे माणूस परसातसुद्धा जात नाही. तेव्हा मी छत्री अधिकच घट्ट धरली आणि गाडीत चढलो.

पण गृहस्थांचं चुकलं नव्हतं. पुण्याला गाडी बदलून पुढे निघालो, तसा डोंगर मागे राहिला आणि सपाट काळी जमीन सुरू झाली. आभाळ केवढं, आणि त्यात ढगाचा ठिपका नाही! आमच्याकडे माडांच्या फटीतून ते तुकड्यातुकड्यांनी दिसतं. इथे सगळं एकदम अंगावर येतं. गिरणीची धुराडी दिसली आणि सोलापूर आलं. ज्यांच्याकडून मी चादरी घेतो ते व्यापारी शिवप्पा टांगा घेऊन हजर होते.

"छत्री? कोकणातनं पाऊस बांधून आणलाय की काय?" म्हणत त्यांनी ती काढून घेतली आणि घरी पोचताच खुंटीला टांगली. जेवताना पानात भाकरी आली ती अशी कडक, की मी तिला पापड समजून दाताने मोडायला गेलो. दाढ कळवळली. शिवप्पांच्या आई पदराआड हसल्या आणि भाकरी चुरून, वर आमटी घालून, शेंगांच्या चटणीबरोबर कशी खायची ते त्यांनी दाखवलं. त्यानंतर मी तीन मागितल्या.

दुसऱ्या दिवशी श्रावणातली पौर्णिमा. एरवी भवानी पेठेत मागांच्या खटखटीमुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणे. त्या दिवशी सगळे माग थांबलेले, फक्त एक सोडून. इथले विणकर तेलुगू बोलणारे पद्मशाली. या दिवशी त्यांच्या देवाची मिरवणूक निघते आणि बैलगाडीवर चक्क एक माग चढवतात. मिरवणूक निघाली की विणायला सुरुवात करायची, देवळाच्या दारी परतेपर्यंत वस्त्र पुरं करायचं, तिथेच कापायचं आणि देवाला नेसवायचं. त्यात एकही गाठ चालत नाही. धागा तुटला की ते वस्त्र बाद, आणि मानही गेला.

यंदाचा मान होता नरसय्यांचा. त्यांच्या वडिलांच्या वाट्याला तो कधी आला नाही; नरसय्यांकडे आला तेव्हा मिशा पांढऱ्या झालेल्या. गाडीच्या चाकाशी त्यांच्या बायको लक्ष्मीबाई कांड्यांची (आडव्या धाग्याचं सूत गुंडाळलेल्या नळ्यांची) टोपली घेऊन उभ्या होत्या. मी विचारलं, "धाकधूक होतेय का?"

"रात्रीपासनं ह्यांनी पाणीबी न्हाय घेतलं," त्या म्हणाल्या. "मीबी न्हाय."

पुढे वाजवायला नातेपुत्याहून धनगर बोलावले होते. तांबडी पागोटी, पांढऱ्या बंड्या, खांद्यावर काळी घोंगडी आणि पोटावर हे भलेमोठे ढोल. त्यांचा म्होरक्या बिरू. त्याने पहिली टिपरी मारली आणि दुकानांच्या फळ्या हादरल्या. गंमत म्हणजे नरसय्यांचा हात आपोआप ढोलाच्या ठेक्यावर पडू लागला. ढोल चढला की धोटा (आडवा धागा ओढत नेणारं लाकूड) पळे, ढोल उतरला की सावकाश होई. गाडी खड्ड्यात गेली की लोक श्वास रोखत, आणि धागे शाबूत दिसले की हसत. मीही रोखत होतो. माल घ्यायला आलोय हे मी पार विसरलो होतो.

देऊळ नजरेच्या टप्प्यात आलं आणि लक्ष्मीबाई ओरडल्या, "वान! वान!" (पाऊस! पाऊस!) टपोरे थेंब पडायला लागले. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावलेली असते. ती भिजली की धागे एकमेकांना चिकटतात आणि फटकन तुटतात. माझी छत्री खुंटीला! लोकांनी अंगावरची उपरणी पुढे केली. कुणी दुकानातून चादरी आणल्या. नरसय्या मागावर आडवे पडून हातांनी सूत झाकत ओरडत होते, "नको! नेसलेलं-पांघरलेलं ओवळं देवाच्या सुतावर नको! आणि चादर पाणी पितीया, खाली गाळतीया!"

चादरींच्या गावात एक चादर कामाची नव्हती. लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

बिरूने एव्हाना आपलं घोंगडं ढोलावर टाकलं होतं. त्याने मागे पाहिलं, घोंगडं ओढून काढलं आणि गाडीवर चढला. "म्हातारबा, लोकर हाय, पाणी आत येऊ देत न्हाय. लोकरीला कसलं ओवळं? आमचा देवबी हिच्यावरच बसतोय की."

नरसय्यांनी मान डोलावली आणि ते सुतावरून उठले. बाकीच्या धनगरांनीही घोंगडी काढली आणि चौघांनी चार कोपरे धरून मागावर छत केलं. खालून खटखट पुन्हा सुरू झाली. पण ढोल उघड्यावर भिजत होते. थोड्याच वेळात त्यांची कातडी ढिली पडली. बिरूने टिपरी मारली तर ओल्या गोणपाटासारखा आवाज आला.

देवळाच्या दारी पाऊस थांबला. वस्त्र पुरं झालं होतं, एकही गाठ नव्हती. समाजाचे पंच म्हणाले, "नरसय्या, काप. पुजारी खोळंबलाय."

नरसय्यांनी कात्री खाली ठेवली. "ढोल वाजल्याबिगर न्हाय कापायचं."

"अरे, ते भिजलेत!"

"मग शेका. मी हितंच बसलोय."

पंच रागावले, पुजारी दोनदा बाहेर येऊन गेला. म्हातारा हलेना. तेव्हा लक्ष्मीबाईच देवळाशेजारच्या एका घरात गेल्या, चुलीतला विस्तव आणि कोरडी चिपाडं घेऊन आल्या. देवळाच्या दारातच जाळ केला, धनगर ढोल फिरवून फिरवून शेकू लागले आणि सबंध मिरवणूक भोवती उभी राहिली. मी बिरूला विचारलं, "ढोल बसणार हे ठाऊक असून घोंगडं दिलंत?"

"ढोल परत तापतोय की," तो म्हणाला. "त्येंचा धागा तुटला असता तर कुटं जोडणार?"

मग ढोल वाजला. असा वाजला की बैल दचकले. नरसय्यांनी वस्त्र कापलं, कपाळाला लावलं आणि लहान मुलासारखे रडले. मलाही रडू आलं. सांगायला लाज कसली?

परतीच्या गाडीत चादरींचे गठ्ठे माझ्याबरोबर होते. माल चांगला आहे, खपेलही. पण चिपळूणला कुणी "सोलापुरात काय पाहिलंत?" विचारलं की मी चादरींबद्दल बोलत नाही. मी सांगतो, एका माणसाने आपला ढोल भिजू देऊन दुसऱ्याचं सूत झाकलं, आणि त्या दुसऱ्याने त्याच्यासाठी देवाला थांबवून ठेवलं.