आईच्या जागी मावशी

माझी आई आणि माझी मावशी जुळ्या. अशा एकसारख्या की लहानपणी मी खुशाल मावशीच्या मांडीवर झोपून जायचे आणि आई समोरून हाक मारायची तेव्हा कुठं चूक कळायची. नाक तेच, पुढच्या दोन दातांमधली फट तीच, हसताना तोंडावर पदर धरायची खोडही तीच. फरक फक्त जिभेत. आई मोजकं बोलायची. मावशी बोलायला लागली की आमचे वडील उठून सायकल पुसायला जायचे.

लग्नानंतर दोघींची चूल मात्र वेगळी झाली. मावशी पुणतांब्याला, गोदावरीकाठी. तिची चूल अंगणात, लिंबाच्या झाडाखाली. पावसाळ्यात तेवढी पडवीत यायची, आणि पुढं तर गोबरगॅसच आला. आई राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत, कारण वडील तिथं बॉयलरवर होते. दोन खोल्या, मागच्या खोलीत चूल आणि तिथं एकच खिडकी. हंगाम सुरू झाला की चिमणीची काजळी त्या खिडकीतून यायची आणि थेट भाकरीच्या पिठावर बसायची. आईला स्वच्छतेचं भारी वेड. तिनं पहिल्याच हंगामात खिडकीत गोणपाट कोंबलं, ते कायमचं. बाहेरची काजळी आत येईना झाली हे खरं. आतला धूर बाहेर जाईना, हे मात्र कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तुरकाट्या, पाचट, गोवऱ्या, जे मिळेल ते आत जळायचं आणि आई त्यात बसून निवांत भाकरी थापायची. आम्हाला तर तो वास म्हणजेच घर वाटायचं.

आईला दमा लागला तो पन्नाशी उलटल्यावर, नव्वदच्या पुढं कधीतरी. आधी नुसता खोकला, मग चढ चढताना धाप, मग पहाटे छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली. वसाहतीतल्या बायकांनी अडुळसा सांगितला, कुणी हळद-दूध सांगितलं. सगळं झालं. शेवटी वडील तिला नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मावशी सोबत होतीच, कारण ती नसती तर डॉक्टरांना सगळं नीट कोण सांगणार, असं तिचं म्हणणं. मीही होते.

डॉक्टरांनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं आणि न मागता मावशीचीही छाती तपासली. ती ठणठणीत. "आमच्यात कुनालाच न्हाई हो दमा," मावशी म्हणाली, "मंग हिलाच कसा? आमी तर एकाच पोटातल्या, एकाच दिवशीच्या."

डॉक्टर चांगले माणूस होते, घाईत नव्हते. म्हणाले, "जन्माला येताना दोघींच्या शरीरात जे होतं ते एकच होतं. पण त्यातलं काय जागं व्हायचं आणि काय झोपलेलं राहायचं, हे आयुष्यभर तुम्ही काय श्वासात घेता त्यावरही ठरतं. ह्यांनी इतकी वर्षं धूर घेतला, शरीरानं त्याची खूण ठेवली. तरुणपणी ते सावरून घेत होतं. आता वय झालं, सावरणं कमी झालं."

आईनं एवढं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "मंग हिला बी लागंल का?"

"खात्रीनं नाही म्हणता येणार नाही. धुरापासून जपा," डॉक्टर म्हणाले.

त्यातलं दुसरं वाक्य आईनं ऐकलंच नाही. घरी येईपर्यंत तिनं मनात पक्कं केलं होतं की आपण पोरीच्या अंगात दमा पेरून ठेवलाय. मी कितीदा सांगितलं, वाद घातला, एकदा ताटावरून उठलेही. काही उपयोग नाही. आज माझं वय तेव्हाच्या आईच्या पुढं गेलंय आणि माझी छाती अजून साफ आहे. उद्याचं कुणी सांगावं, पण तेव्हा हे तिला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

डॉक्टरांनी पंप दिला होता, तोंडात धरून ओढायचा. वसाहतीत पंपाची ख्याती वाईट. पंप लागला म्हणजे माणूस संपलाच, आणि एकदा तोंडाला लागला की सुटत नाही, असं सगळे छातीठोकपणे सांगायचे. आईनं तो पान-सुपारीच्या बटव्यात लपवला आणि बटवा कमरेला खोचला. पंप ओढायचा झाला की ती न्हाणीघरात जायची. शेजारणीला वाटत असेल, बिचारी पान खायला एवढी कशाला लाजते.

त्यातच माझं लग्न जमवायला घेतलं. पहिलं स्थळ आलं, पोहे झाले, सगळं गोड झालं, आणि निघताना त्या लोकांच्या कानावर आईच्या छातीतली शिट्टी गेली. चार दिवसांनी निरोप आला, मुलीत काही नाही, पण घरात दमा आहे, पुढं नातवंडांचं काय. मला त्या स्थळाचं काडीचंही वाईट वाटलं नाही, मुलगा तसाही माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता. आईला मात्र ते जिव्हारी लागलं. भाकरी थापता थापता थांबायची आणि म्हणायची, "माज्यापायी पोरगी राहील."

दुसरं स्थळ आलं ते चांगलं होतं. मुलगा राहुरीच्या कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या कामावर होता. आणि इथं मावशीचं डोकं चाललं. एवढा सारखा चेहरा देवानं, निसर्गानं, कुणी का दिलेला असेना, तो कधी कामाला यायचा? पाहुणे येतील तेव्हा आईच्या जागी मावशी बसेल. आई मागं राहील. लग्न झालं की मग काय, कोण बघतंय.

मी म्हणाले, हे खोटं आहे आणि येडेपणाचंही आहे. वडील म्हणाले, "मला काही विचारू नका," आणि सायकलकडे गेले. आई गप्प होती. आईचं गप्प म्हणजे व्हय, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

मावशी करायचं तर पुरतं करायचं अशातली. तिनं आईची मोरपंखी साडी नेसली, आईचंच मंगळसूत्र घातलं, आणि वर आईचा बटवाही कमरेला खोचला. "ह्याच्याबिगर तू वाटतच न्हाईस," ती म्हणाली. दोघी आरशापुढं उभ्या राहिल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. आईला हसतानाही धाप लागली. कितीतरी दिवसांनी त्या अशा हसत होत्या, म्हणून मीही राग गिळला.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. जयभीम झाला, पाणी झालं. बुद्धाच्या तसबिरीखाली खाटेवर मावशी पदर सावरून बसली आणि कधी नव्हे ते मोजकं बोलायला लागली. तिला ते किती जड जात होतं हे मला दिसत होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता, पंख्याकडे नाही. मुलाची आई मळ्यात राबलेली बाई, हात रापलेले, बोलणं सरळ. सगळं कसं झकास चाललं होतं.

आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात एक साधी गोष्ट आली नव्हती. आईला पाहुण्यांपासून लपवायचं म्हणून आम्ही तिला जिथं बसवलं ती चुलीची खोली होती. पोहे तीच करणार होती, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचे पोहे पाहुण्यांपुढं ठेवणं तिला मंजूर नव्हतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटलेलं. खिडकीत गोणपाट. आणि तिनं फोडणीत मिरच्या टाकल्या.

आधी एक ठसका ऐकू आला. मग दुसरा. पाहुण्यांच्या माना वळल्या, आणि मावशीनं जे केलं ते आजही आठवलं की मला हसू आवरत नाही. आवाज झाकायला ती स्वतःच जोरजोरात खोकायला लागली. आत आई खोकते, बाहेर मावशी खोकते. मामा उठून तिला पाणी द्यायला लागले. मुलाची आई काळजीनं म्हणाली, "दमा हाय का वो तुमाला?"

आणि तेवढ्यात आतला खोकला थांबला.

तो थांबला म्हणूनच मी घाबरले. आईचा खोकला असा एकदम थांबायचा तेव्हा तिच्याजवळ खोकायलाही श्वास उरलेला नसायचा. मी कपबशी तशीच टाकून आत धावले. खोलीभर धूर, आई भिंतीला धरून उभी, ओठ काळेनिळे, आणि एक हात कमरेला बटवा शोधत होता. बटवा तिथं कुठला. तो बाहेर खाटेवर बसला होता, जिला त्याची कधीच गरज नव्हती तिच्या कमरेला.

मी आईच्या काखेत हात घालून तिला सरळ बाहेर आणली. लग्न, पाहुणे, काय वाटेल, काही म्हणजे काही मनात आलं नाही. मावशीनं तिला बघितलं मात्र, तिचा सगळा नाटकी खोकला पळाला. तिनं बटवा उपसला, सुपारी खाटेवर सांडली आणि पंप आईच्या तोंडाला लावला. "वढ," ती म्हणत होती, "वढ गं माजे बाय." एकदा, पुन्हा एकदा. हळूहळू आईचे खांदे खाली आले. शिट्टी वाजायला लागली, आणि ती शिट्टी ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा कशानंच झाला नसेल.

पाहुण्यांपुढं एकाच चेहऱ्याच्या दोन बाया, एक धापा टाकतेय, दुसरी रडतेय. वडील सायकलचं फडकं हातात घेऊन दारात उभे. शेवटी आईनंच तोंड उघडलं. दम घेत घेत म्हणाली, "मी आई हाय. दमा मला हाय. पोरीला न्हाई. पर लागनारच न्हाई असं मला कुनी सांगितलेलं न्हाई."

मुलगा म्हणाला, "एकाच कणसातलं बी असलं तरी रान बदललं की..." त्याला बरंच सांगायचं होतं, पण त्याच्या आईनं हातानं गप्प केलं. ती उठली आणि सरळ आमच्या चुलीच्या खोलीत गेली. आम्हाला वाटलं पोहे बघायला गेली. आतून गोणपाट ओढल्याचा आवाज आला, मग कित्येक वर्षांची धूळ आणि काजळी पडल्याचा. बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"हितं माज्या म्हशीला बी बांदणार न्हाई मी," ती म्हणाली. "आदी चूल भायेर काडा. मंग लग्नाचं बोलू."

करपलेले पोहे मग सगळ्यांनी खाल्ले.

त्याच आठवड्यात वडिलांनी मागच्या अंगणात पत्र्याखाली चूल मांडली. आईचा दमा गेला नाही, तो जाणारा नव्हता. पण पहाटेची शिट्टी कमी झाली, आणि तिच्या भाकरीवर कधी काजळी पडलीच तर ती फुंकर मारून उडवायला शिकली. फुंकर मारण्याइतका श्वास आता तिच्याजवळ असायचा.

लग्न उन्हाळ्यात झालं. वंदना झाली, आणि फोटोवाल्यानं नवरीच्या आईला पुढं बोलावलं. आई आणि मावशी दोघी पुढं आल्या, ठरवून एकसारख्या साड्या नेसून. फोटोवाला गोंधळला. मांडवातली मंडळी हसायला लागली, कुणी म्हणे ही, कुणी म्हणे ती. तेव्हा माझी सासू मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "जिच्याकडं पंप हाय ती माझी विहीन."

न्हाणीघरात लपून पंप ओढणाऱ्या माझ्या आईनं बटव्यातून पंप काढला आणि हात वर केला. फोटोत तो तसाच आलाय. मावशी शेजारी तोंडावर पदर धरून हसतेय, आणि आईनं पदर धरलेला नाही.