पडद्यापर्यंत गेलेली बाई

निजामाच्या राज्यात पाटोद्याच्या बाजारात पहिल्यांदा तंबूतला मुका सिनेमा आला, तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी एक उंच, अनोळखी बाई बसली होती. पडद्यावर साप पाळण्याकडे सरकू लागला आणि मी पदराने डोळे झाकले. ती मात्र उठली, पदर कमरेला खोचून तडक पडद्यापर्यंत गेली. तिची सावली पाळण्यावर पडली. पुरुष ओरडले, "ओ बाई, खाली बसा!" तिने कापडाला हात लावून पाहिला आणि बाहेर निघून गेली.

मलाही आत बसवेना. बाहेर ती तंबाखू मळत उभी होती.

"भ्यालात का, मावशी?"

"साप म्या लई मारलेत, पोरी. पर लेकराजवळ साप चाललाय आन आपला हात तितं पोचत न्हाई, ते काहून बघत बसू?"

आत टाळ्या पडल्या. "मूल वाचलं वाटतं. चला आत," मी म्हणाले.

"वाचलं न्हवं? मग झालं की!" असं म्हणून ती ताठ मानेने आपल्या वाटेला लागली.

सिनेमा सुटल्यावर पुरुषांच्या बाजूने आमचे मालक बाहेर आले. "घाबरलीस का?" त्यांनी हसत विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले, आणि ते खरं होतं; माझाही हात तिथं पोचत नव्हता, एवढंच.