खांबांच्या जागा

ती भारताकडून हॉकी खेळते. सुट्टीत तासगावला आली, की सकाळी शाळेच्या मैदानावर वाकून खडे वेचत असते. मी तिथं रोज फिरायला जातो. तिचं बघून शाळेतल्या पोरीही वेचायला लागतात. "खड्यावर चेंडू उडतोय आन् थेट तोंडावर येतोय," असं त्यांना सांगून ती स्वतःचा तुटका दात दाखवते. परदेशातल्या सामन्यांचं विचारलं, तर एवढंच म्हणते, "तिथं खडंच नसत्यात वो काका."

यंदा आम्ही तिचा सत्कार त्याच मैदानावर केला. मंडपवाल्याला खांबांच्या जागा मीच दाखवल्या. भाषणं चालू असताना ती खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजतेय.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर मंडप उतरवलेला होता आणि ती सत्काराच्या शालीत मुरूम भरून आणून खड्डे बुजवत होती.

"अगं, शाल..."

"धुतली की झालं. पाय मुरगळला तर पोरीचं अख्खं वरीस जातंय. खड्डं कुटं कुटं हायत, ठावं हाय का तुमाला?"

मंडपवाल्याला दाखवल्या होत्या तशाच, एकेक जागा दाखवत मी तिच्या पुढं चालू लागलो.