डब्याचा तारांकित प्रश्न

आमचे हे एका सरकारी खात्यात कारकून होते आणि नोकरीची निम्मी वर्षं त्यांनी ‘हे खरे नाही’ असं लिहिण्यात घालवली. विधानसभेत एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला की त्याच्या उत्तराचा कच्चा मसुदा फिरत फिरत यांच्या टेबलावर यायचा. प्रश्नाची ठेवण ठरलेली असते. आधी ‘हे खरे आहे काय?’, मग ‘असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली?’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ पहिल्याला ‘हे खरे नाही’ म्हटलं की पुढच्या दोन्हींना ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहायचं आणि फाइल मिटायची. घरीही हे त्याच भाषेत बोलायचे. ‘अहो, भाजी आणलीत का?’ म्हणून विचारलं की ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणजे पिशवी घरीच विसरलेली. या तीन शब्दांचा मला संसारभर राग आला आहे.

मी मराठी शिकवायचे. कसबा पेठेतल्या शाळेत अख्खी नोकरी काढल्यामुळे गल्लीतला दर दुसरा माणूस मला ‘बाई’ म्हणतो. त्यातला एक आता आमदार आहे. शाळेत असताना त्याचा निबंध पाऊण पानात आटपायचा. आताही अधिवेशन जवळ आलं की त्याच्या प्रश्नांचे कागद माझ्याकडे येतात आणि मी लाल पेन घेऊन बसते. तो हात जोडून म्हणतो, ‘बाई, मार्क नका देऊ, फक्त दुरुस्त करा.’

गेल्या वर्षी यांचे दोन्ही गुडघे ऐकेनासे झाले आणि नको इतके बोलू लागले. आमच्या भागात पायांना पर्याय नाही. रिक्षा आमच्या बोळाच्या तोंडाशी येते आणि तिथून परत फिरते. यांचं जग म्हणजे कोपऱ्यावरचं चहाचं दुकान, तिथले दोन मित्र आणि त्या तिघांत वाटून वाचलेलं एक वर्तमानपत्र. सगळं मिळून दोनशे पावलं असतील. तीही होईनात, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आधी डावा गुडघा बदलू, तीन-चार महिन्यांनी उजवा.

रुग्णालय येरवड्याच्या बाजूला, मोठं, खासगी. खोटं कशाला बोलू, डॉक्टर उत्तम होते आणि नर्सबाई तर त्याहून. ऑपरेशन झकास झालं. अडलं ते जेवणावर. तिथे बाहेरचं अन्न चालत नाही. जेवण यायचं ते एका कंपनीच्या स्वयंपाकघरातून, उसाच्या चिपाडापासून बनवलेल्या डब्यात. त्यावर हिरवं पान छापलेलं आणि सोबत एक गुळगुळीत कार्ड. ‘शाश्वत शेतीतून थेट तुमच्या ताटात. आजचा पालक: मांजरी.’ मांजरी हे पुण्याजवळचं गाव. शेजारी फेटा बांधून हसणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो. यांनी चष्मा लावून कार्ड नीट वाचलं, डब्यातला पालक चमच्याने उचलून पाहिला आणि म्हणाले, ‘माणूस तब्येतीने छान दिसतोय. पालकालाच दाखल करायला हवं होतं.’

पहिले दोन दिवस मीही हसले. पण हे खाईनातच. मिठाचं पथ्य वगैरे काही नव्हतं, तरी सगळं अळणी आणि गार. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाईंनी उभं केलं तर घेरी येऊन पुन्हा पलंगावर. डॉक्टर म्हणाले, ‘काका, अंगात ताकद नसेल तर नवा गुडघा काय करणार?’ मी घरून मऊ भात, मुगाचं वरण आणि लिंबाचं गोड लोणचं घेऊन गेले. दारावरच्या रखवालदाराने डबा अडवला. पन्नाशीचा माणूस, यवतमाळकडचा. ‘काकू, मले काही वाईट वाटत नाही का? पण वरून सांगून ठेवलं आहे. डबा इथंच ठेवा लागते.’ त्याचा चेहरा इतका ओशाळला होता की मला धड भांडताही आलं नाही. पाच दिवसांत घरी येणारा माणूस नऊ दिवसांनी आला. आल्या आल्या यांनी जाहीर केलं, ‘उजवा गुडघा आहे तसा राहू दे. मी एका पायावर राहीन, पण तिथे परत जाणार नाही.’ तोच सर्जन फक्त त्याच रुग्णालयात ऑपरेशन करतो, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. एका गुडघ्याने दोनशे पावलं होत नाहीत, हेही.

ते कार्ड मी पर्समध्ये घालून आणलं होतं. आमच्याकडे मांजरीहून एक भाजीवाली येते, फार वर्षांची ओळख. तिला विचारावं म्हणून कार्ड दाखवलं, तर ती भाजी सोडून कार्डच बघत बसली.

‘आवं बाई, ह्ये आमचं धाकलं दीर की!’

‘यांचाच पालक का?’

‘कशाचा पालक? त्येंच्या रानात नुसता ऊस हाय. दोन मानसं आल्ती, म्हनली फेटा बांधा, हसा जरा. ह्ये हसलं.’

मी तशीच आमदाराच्या ऑफिसात गेले. माझा आवाज चढला की त्याला अजून शाळा आठवते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बाई, भाजीची जाहिरात एका डिपार्टमेंटची, हॉस्पिटल दुसऱ्याचं. दोन प्रश्न करू. तुम्हीच लिहा.’

आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रश्न तपासले, आता पहिल्यांदा स्वतःचा लिहायचा होता. भाजीचा प्रश्न मी साधा लिहिला: शाश्वत म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाच्या कार्डावर ज्या शेतकऱ्याचा फोटो आहे, तो ते पीक घेतच नाही, हे खरे आहे काय? रुग्णालयाच्या प्रश्नाला मात्र मी सगळा जीव ओतला. सात ओळींचं एकच वाक्य. त्यात रुग्णाची उपासमार होती, पत्नीची वणवण होती आणि ‘लेखी नियमाद्वारे घरच्या अन्नास सक्त मनाई’ होती. तसा लेखी नियम मी पाहिला नव्हता. पण ‘लेखी’ शब्दाने वाक्याला वजन येत होतं. यांना मी काही दाखवलं नाही. म्हटलं, उत्तर आलं की तोंडात बोट घालतील.

अधिवेशन संपल्यावर आमदाराकडून छापील उत्तरं आली. भाजीच्या प्रश्नाला ‘हे अंशतः खरे आहे’, कंपनीला ती कार्डं काढायला सांगितली आहेत. ते वाचून मी बसल्या जागी टाळी वाजवली. मग दुसरं उत्तर वाचलं. ‘हे खरे नाही.’ खाली दोनदा ‘प्रश्न उद्भवत नाही’.

मला रडूच आलं. राग आमदाराचा नव्हता, मंत्र्यांचाही नव्हता. माझाच होता. वर्गात मुलांना सांगत आले की माहीत नाही ते लिहू नका, आणि स्वतः एका जड शब्दासाठी यांचा गुडघा घालवला. कागद टेबलावर टाकून मी स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळाने बाहेरून हाक आली. ‘अगं, हा प्रश्न कुणी लिहिला?’

‘मी.’

‘वाटलंच. अगं, सात ओळी एकत्र बांधल्यास. त्यातला एक कण चुकीचा निघाला की सगळ्यालाच ‘हे खरे नाही’. मीही हेच केलं असतं.’

‘झालं तुमचं हसून?’

‘हसत नाहीये. इकडे ये. तू उत्तर अर्धंच वाचलंस.’

यांनी बोट ठेवलं होतं तिथे, ‘हे खरे नाही’च्या पुढे, बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होतं. माझ्या डोळ्यांनी ते पाहिलंच नव्हतं. ‘घरचे अन्न आणण्यास असा कोणताही लेखी नियम मनाई करीत नसून, आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रुग्णास घरचा डबा देता येतो, असे रुग्णालयाने कळविले आहे.’

‘कळतंय का?’ हे म्हणाले. ‘रुग्णालयाने सरकारला लिहून दिलंय आणि सरकारने छापलंय. आता त्यांना डबा अडवायचा असेल तर आधी हे खोटं ठरवावं लागेल. छापलेल्या शब्दाबाबत सरकारी खातं फार हळवं असतं.’ मग कागदाची घडी घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘उजव्याची तारीख घे.’

मी त्या पानाच्या दहा प्रती काढल्या. उजव्याच्या वेळीही दारावर तोच रखवालदार होता. त्याने बोट फिरवत मोठ्याने वाचलं, आत फोन केला, बराच वेळ ‘हो जी, छापील आहे जी’ करत राहिला. मग आहारतज्ज्ञ बाई खाली आल्या, डबा उघडून वास घेतला आणि ‘लोणचं थोडंच द्या’ म्हणाल्या. रखवालदाराने हळूच विचारलं, ‘काकू, याची एक कॉपी मले देता का? रोज कोणी ना कोणी डबा घेऊन येते इथं.’ मी त्याला चार दिल्या. उरलेल्या वेटिंग हॉलमधल्या बाकांवर वाटल्या. वर गेले तर जेवणाच्या सोबतचं कार्ड बदललेलं. पान तेच हिरवं, फोटो मात्र गेला होता.

यांनी घरचा सगळा डबा संपवला. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेले आणि वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला सुख म्हणजे काय ते कळलं. पाचव्या दिवशी घरी.

दोन महिन्यांनी एका सकाळी यांनी चपला घातल्या. काठी दाराआड तशीच ठेवली. मी मागोमाग दारापर्यंत गेले. ‘अहो, कोपऱ्यापर्यंत सोबत येऊ का?’

‘प्रश्न उद्भवत नाही,’ हे म्हणाले आणि जिना उतरू लागले.

मी खिडकीत उभी राहून ते दुकानाशी वळेपर्यंत बघत होते. त्या तीन शब्दांचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला नाही.