खोल पाणी बदलत नाही

पुण्यात बसून मी सव्वीस वर्षं अंटार्क्टिकाजवळचा समुद्र तपासते आहे, आणि त्यातला एक थेंबही मी स्वतः पाहिलेला नाही. नोकरीच्या सुरुवातीला एकदा मला चाचणीसाठी गोव्याहून निघणाऱ्या जहाजावर पाठवलं होतं. बंदर नजरेआड व्हायच्या आत मी जी आडवी झाले, ती परत येईपर्यंत उठले नाही. त्यानंतर कुणी माझं नाव यादीत घातलं नाही. नातेवाइकांना माझं काम कधीच कळलं नाही. "समुद्राचं संशोधन, आणि ते पुण्यात? मुठेत करता का?" हा विनोद मी आजवर प्रत्येक लग्नात ऐकला आहे आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याला तो नुकताच सुचलेला असतो.

माझं काम आकडे साफ करण्याचं. अंटार्क्टिकाच्या कडेला आमच्या मोहिमेचं जहाज पोचलं की तिथं एक लांबलचक दोर समुद्रात उभा सोडतात. खाली नांगर म्हणून रेल्वेची भंगारातली चाकं, वर काचेचे तरंगते गोळे आणि मधल्या काही किलोमीटर दोराला ठिकठिकाणी आवळलेले सेन्सर. वर बर्फ गोठतो, जहाज निघून जातं आणि हे सेन्सर खाली काळोखात पाण्याचं तापमान आणि खारेपण टिपत राहतात. दोन वर्षांनी जहाज परत येतं, वरून आवाजाची खूण पाठवतं, तळाजवळची कडी सुटते, चाकं खालीच राहतात आणि बाकीचं सगळं वर येतं. आलं तर. मग ते सेन्सर पुण्याला येतात, प्रयोगशाळेत पुन्हा एकदा तपासले जातात आणि त्यांनी टिपलेले आकडे माझ्या टेबलावर येतात.

सेन्सर भरकटतात, हे आमच्या कामातलं पहिलं गृहीत. दोन वर्षं पाण्यात राहिलेलं यंत्र थोडं तरी बिघडणारच. किती बिघडलं हे ठरवायला काहीतरी न हलणारं लागतं, आणि आमच्यासाठी ते न हलणारं म्हणजे खोल पाणी. वरचं पाणी ऋतूंप्रमाणे बदलतं. खोल पाणी बदलत नाही, निदान एका माणसाच्या नोकरीच्या काळात तरी नाही. हे मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं आणि मी माझ्या हाताखालच्यांना शिकवलं. सेन्सरचे खोल पाण्यातले आकडे जुन्या नोंदींशी जुळले नाहीत, तर ते उचलून जुन्या नोंदींवर आणून बसवायचे. याला आम्ही दुरुस्ती म्हणतो. मी ती फार सफाईनं करायचे, आणि त्याचा मला अभिमान होता.

आमचे सेन्सर सांभाळणारे तंत्रज्ञ माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. इतकी वर्षं काम करूनही कंत्राटावरच होते, दरवर्षी नवं कंत्राट. पुण्यातलं जुनं मुसलमान घराणं. आजोबांपासून नारायण पेठेत तराजू आणि वजनं दुरुस्त करण्याचं दुकान. बोलायचे असं की फोनवरच्या माणसाला ते पेठेतले निवृत्त शिक्षक वाटायचे. मोहिमेआधी ते प्रत्येक सेन्सर समुद्राच्या पाण्याच्या टाकीत बुडवून तपासायचे, आणि परत आल्यावर पुन्हा. ते काम चालू असताना कुणाशी बोलायचे नाहीत. त्या बाजूला कुणी मोठ्यानं हसलं तरी त्यांना चालायचं नाही. सात वेळा ते दक्षिणेला जाऊन आले. मी ज्या समुद्राचे आकडे साफ करत होते, तो त्यांनी हातमोजे घालून दोरावरून ओढून काढलेला होता.

सहा-सात वर्षांपूर्वी त्यांनी असाच एक दोर वर काढून आणला. आकडे उघडले तर तळाजवळचे तिन्ही सेन्सर खारेपण कमी दाखवत होते. फरक एवढासा, की ते पाणी जिभेवर ठेवलं तर कुणालाही कळणार नाही. पण आमच्या कामात तो डोळ्यांत भरणारा होता. तीन वेगवेगळी यंत्रं एकाच दिशेनं एकसारखी चुकतात कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. खरं म्हणजे पडलाही होता. त्याचं उत्तर मी दोन मिनिटांत शोधलं: तिन्ही सेन्सर एकाच टाकीत, एकाच माणसानं तपासलेले आहेत. म्हणजे चूक त्या माणसाची. मी तिन्ही सेन्सरचे आकडे वर ओढून जुन्या नोंदींवर बसवले आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, आपण माझे खालचे तिन्ही सेन्सर वर ओढलेत."

"ओढले नाहीत, दुरुस्त केलेत. खारेपण कमी दाखवत होते. पाण्याच्या नळीत शेवाळबिवाळ वाढलं असेल."

"त्या थंडीत तिथं काय वाढणार? नळ्या मी स्वतः उघडून पाहिल्या, स्वच्छ होत्या. इथं आल्यावर टाकीत घालून पाहिलं. जाताना होते तसेच आहेत."

"मग टाकीतलं मोजणं चुकलं असेल."

ते म्हणाले, "आमच्या दुकानातली प्रमाण वजनंसुद्धा वडील ठरल्या वेळी सरकारी निरीक्षकाकडे घेऊन जायचे. वजनंही झिजतात. आपण सगळे सेन्सर त्या पाण्यावर तपासता. ते पाणी कशावर तपासता?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर नसलं की पुण्यात माणूस जे करतो ते मी केलं. "मग काय, पाण्याला शिक्का मारायला निरीक्षक पाठवू खाली?" असं मी म्हटलं. आजूबाजूचे हसले. तेही थोडंसं हसले आणि गेले. त्या हसण्याची मला आज इतकी लाज वाटते की हे लिहिणंही नकोसं होतं.

प्रत्येक दुरुस्तीचं कारण नोंदीत लिहावं लागतं. मी लिहिलं: प्रयोगशाळेतील तपासणी अविश्वसनीय, म्हणून आकडे दुरुस्त केले. खाली माझी आद्याक्षरं. वर्षअखेरीच्या बैठकीत आमच्या प्रमुखांनी ती ओळ वाचली आणि मला विचारलं, "हे असंच आहे ना?" मी "हो" म्हटलं. पुढच्या वर्षी त्या तंत्रज्ञांचं कंत्राट निघालं नाही. त्या वर्षी आणखी दोघा-तिघांचीही गेली होती, त्यामुळे याचा माझ्या ओळीशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि ते मला चक्क पटलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी आपली वही आणून दिली. प्रत्येक सेन्सरचा इतिहास सुवाच्य अक्षरात लिहिलेला. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "नोंदीतली ती ओळ आपल्याला खरी वाटते का?"

"मला आकडे सांगतात तेच मी लिहिते," मी म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं. वही कपाटात गेली आणि कुणी ती उघडली नाही.

आमचा तो दोर पाण्यात होता त्याच काळात दुसऱ्या एका देशाचं जहाज त्याच जागी गेलं होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. त्यांनी सेन्सर ठेवून दिले नाहीत. लोखंडी दोराला बाटल्या लावून खाली सोडल्या, हव्या त्या खोलीवर बंद केल्या आणि वर आणलेलं पाणी जहाजावरच मोजलं. बाटलीतलं पाणी दोन वर्षं कुठं भरकटत नाही. ते आकडे तुलनेसाठी आमच्याकडे आले. मी माझी दुरुस्त केलेली रेघ त्यांच्यावर ठेवली, जुळेना. सवयीनं पहिला विचार आला तो हाच, की यांचं मोजणं चुकलेलं दिसतंय. मग सहज म्हणून मी माझी दुरुस्ती काढून टाकली आणि मूळचे, आमच्या तंत्रज्ञांच्या सेन्सरचे आकडे ठेवले. दोन रेघा एकीवर एक बसल्या. स्क्रीनवर एकच रेघ दिसत होती.

दुपारी कँटीनमध्ये चहा घेऊन बसले आणि तो तसाच गार झाला. अंटार्क्टिकाच्या कडेला समुद्र गोठतो तेव्हा बर्फ आपलं मीठ खालच्या पाण्यात टाकून देतो. ते पाणी आणखी थंड, आणखी खारं, जड होत जातं, उतारावरून तळाशी जातं आणि तिथून शतकानुशतकं सगळ्या महासागरांच्या तळाशी पसरत राहतं. खोल पाण्यातल्या जीवांना श्वास मिळतो तो त्यातूनच. वितळणाऱ्या हिमनद्यांचं गोडं पाणी त्यात मिसळलं की ते हलकं होतं आणि मग पूर्वीसारखं खाली जात नाही. ही बातमी त्या तीन सेन्सरनी टिपून आणली होती, आणि मी ती पुसून टाकली होती.

ती पुसली नसती तर काही वाचलं असतं का? मी फार विचार केला. नाही. माझ्या फायलीतला आकडा बघून कुठली हिमनदी थांबणार होती? माझी चूक समुद्राच्या हिशेबी शून्य होती, आणि ते शून्य मला अजूनही छळतं. ती लागली फक्त एका माणसाला.

कार्यालयात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. नवे प्रमुख म्हणाले, "सुधारित आवृत्ती काढा आणि टीप टाका." आमच्याकडे जुनी ओळ पुसता येत नाही, तिच्याखाली फक्त नवी लिहिता येते. त्यामुळे "तपासणी अविश्वसनीय" हे शब्द आहेत तिथंच राहणार. मी खाली लिहिलं: वरील दुरुस्ती चुकीची होती.

रविवारी सकाळी मी विश्रांतवाडीला त्या तंत्रज्ञांच्या घरी गेले. ते आता हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतीत नोकरी करतात. इमारत गार ठेवणाऱ्या यंत्रणेत थंड पाणी फिरतं, त्याच्या मीटरच्या नोंदी ठेवायचं काम. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं, मला ओळखलं, "बसा" म्हणाल्या आणि आत गेल्या त्या गेल्या. चहा ते स्वतःच करून घेऊन आले.

मी रिक्षात पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी मोजणीचंच विचारलं.

"बाटल्यांनी मोजलं?"

"हो."

"तिन्ही पातळ्यांवर?"

"तिन्ही. तंतोतंत जुळलं."

"म्हणजे पाणी खरंच बदललं," ते म्हणाले. "वाईट झालं."

मी माफी मागितली. "अहो, आपण नियमानं केलंत," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते. मग मी म्हणाले की प्रयोगशाळेत माणूस हवा आहे, मी लेखी देते, सगळ्यांसमोर सांगते, तुम्ही परत या. त्यांनी मान हलवली. नको म्हणाले.

"का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, ते काम सुटल्यावर वर्षभर मी मनात तेच तपासत होतो. कुठं चुकलो ते सापडेना. शेवटी मान्य करून टाकलं की चुकलो, फक्त मला दिसत नाही. तेव्हा कुठं जरा झोप लागायला लागली. आता मीटरसमोर उभा राहिलो की आकडा दिसतो, पण हात लिहायला धजत नाही. शेजारच्या ऑपरेटरला बोलावतो, विचारतो, तुला किती दिसतंय. तो सांगेल ते लिहितो."

"आणि तुम्हाला वेगळा दिसत असला तर?"

"तरी त्याचाच लिहितो," ते म्हणाले, आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.